मांजराची मुळाक्षरे

अध्यापनाच्या व्यवसायात आमची तीस वर्षे सरली. एवढ्या अवधीत नाना तऱ्हेची हस्ताक्षरे वाचण्याचा योग आला. मुंगीच्या पायांसारखी बारीक अक्षरे, पावसात भिजल्यासारखी पसरट अक्षरे, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून चाललेली अक्षरे, सारीच आम्ही लावून घेतली. वहीवरचे नाव न पाहता ती कोणाची हे सांगता यावे इतका आमचा अभ्यास झाला होता आणि त्याचा थोडा अभिमानही होता. परंतु आमच्याच घरात, आमच्याच उशाशी, एक प्राणी दोन वर्षे काहीतरी सांगत होता आणि त्याची लिपी आम्हांस वाचता येत नव्हती. ही गोष्ट कळावयास २०२५ सालचा आषाढ यावा लागला, आणि ती कळेपर्यंत त्या प्राण्याच्या जिवावर बेतले होते.

हा प्राणी म्हणजे आमच्या घरचा बोका, धोंडू.

आमचे घर बेळगावच्या शहापूर भागात आहे. शहापूर एके काळी सांगली संस्थानात मोडत असे. त्या काळातले नसले तरी त्या काळाची सवय असलेले हे घर आहे. पुढे सोपा, मध्ये माजघर, मागे न्हाणीघर आणि परडे, वर कौले आणि कौलांखाली माळा. जेथे माळा आहे आणि माळ्यावर तांदळाची पोती आहेत, तेथे उंदीर असावयाचेच. आणि जेथे उंदीर आहेत तेथे मांजराचे येणे कोणाच्या निमंत्रणावर अवलंबून नसते. मानवाची आणि मांजराची ओळख अशीच धान्याच्या कोठारापाशी झाली, असे अभ्यासक सांगतात. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या दफनस्थळाशेजारी मांजराचेही दफन केलेले आढळले, हे २००४ साली प्रसिद्ध झाले. तेव्हा आमच्या माळ्यावरचा हा संबंध बराच जुना आहे, हे मान्य केले पाहिजे.

२०२३ साली श्रावण अधिक होता. त्या महिन्यात एका करड्या मांजरीने आपली पिले तोंडात धरून आमच्या माळ्यावर आणली. मांजरी सात घरे फिरवते असे आपल्याकडे म्हणतात. सात हा आकडा सोडून द्या, पण जागा मळली किंवा तिचा कोणाला सुगावा लागला की ती पिलांना हलवते, हे खरे. मानगूट धरताच पिलू अंग सैल सोडून निमूट लोंबकळते. मांजरीचे दात पिलांना लागत नाहीत, ही म्हण काही उगाच पडलेली नाही. रामानुजांच्या परंपरेतील आचार्यांनी तर यावरून भक्तीचे दोन पंथ सांगितले. माकडाचे पिलू आईला स्वतः घट्ट धरते, मांजराच्या पिलाला आई धरते. पहिला मर्कटन्याय, दुसरा मार्जारन्याय. एम. ए. च्या वर्गात हे आम्ही मोठ्या गांभीर्याने लिहून घेतले होते. प्रत्यक्षात तो न्याय आमच्या तांदळाच्या पोत्यांवर चाललेला पाहावयास पंचविशीनंतरची आणखी पंचवीस वर्षे जावी लागली.

पुढे ती करडी मांजरी पिलांसह आठव्या घरी गेली. एक पिलू मात्र मागे राहिले. ते आमच्या मातोश्रींनी उचलले, कापसाच्या वातीने दूध पाजून जगवले, आणि धोंड्याच्या महिन्यातला म्हणून त्याचे नाव धोंडू ठेवले. शेजारच्या कन्नड कुटुंबातील मुले त्याला ‘बेक्कू’ म्हणत. बेक्कू म्हणजे कन्नडमध्ये मांजर. धोंडू दोन्ही नावांना सारखाच प्रतिसाद देई, म्हणजे देत नसे.

या धोंडूवर आमचा राग का होता, ते सांगितले पाहिजे. त्याच्या वर्तनाचे आरोपपत्र आमच्या मनात तयार होते. कलम पहिले : मेजावर ठेवलेली वस्तू, मग तो चष्मा असो की शाईची बाटली, पंजाने हळूहळू कडेला सरकवणे, आमच्याकडे पाहणे आणि पाहता पाहता ती खाली ढकलणे. कलम दुसरे : पहाटे चार वाजता, काही कारण नसताना, सोप्यापासून परड्यापर्यंत घोड्यासारखे धावणे. कलम तिसरे : घरात चार बैठका मोकळ्या असताना नेमके तपासावयाच्या उत्तरपत्रिकांवर बसणे. कलम चौथे : सुखाची गादी सोडून पुठ्ठ्याच्या रिकाम्या खोक्यात अंग कोंबणे. कलम पाचवे : मेलेला उंदीर आणून सौभाग्यवतींच्या पायांशी ठेवणे आणि कौतुकाची अपेक्षा करणे. कलम सहावे : कुंदा पळवणे. बेळगावात राहणाऱ्यास कुंदा म्हणजे काय हे सांगणे नको. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो की तो दूध आटवून केलेला आमच्या गावचा प्रसिद्ध पदार्थ आहे.

मातोश्री धोंडूच्या वकील होत्या. शाळा चौथीपर्यंत, पण युक्तिवाद पक्का. संध्याकाळी धोंडू त्यांच्या मांडीवर चढे, डोळे अर्धवट मिटी आणि दोन्ही पुढचे पंजे आळीपाळीने लुगड्यात रुतवत राही. “पीठ मळूलालाय तो,” असे त्या हसून म्हणत. एकदा आम्ही नखांनी लुगडे फाटते याकडे त्यांचे लक्ष वेधले, तेव्हा त्या म्हणाल्या, “फाटू दे की रे. त्याला त्याची आई आठवत असंल. तू नव्हतास काय माझा पदर चोखत चार वर्षांचा होईस्तोवर?” शाळेच्या मुख्याध्यापकास यावर उत्तर नव्हते.

आमची कन्या पुण्यास नोकरी करते. तिला या विषयात रस. सुटीत ती घरी आली की आजी आणि नात यांची धोंडूविषयी चर्चा रंगे आणि आम्ही वर्तमानपत्राआडून ऐकत असू. तिनेच आम्हांस सांगितले की आजीचे म्हणणे बरोबर आहे. पिलू दूध पिताना आईच्या पोटावर असेच पंजे दाबते, त्याने दूध उतरते; मोठेपणीही जेथे तसाच निर्धास्तपणा वाटतो तेथे मांजर ही क्रिया करते. पंजांच्या तळव्यांत गंधग्रंथी असतात, त्यामुळे त्या जागेस आपला वासही लागतो. गालांत आणि कपाळातही तशा ग्रंथी असतात. धोंडू दाराची चौकट, आजीचे पाय आणि आमची शाळेची पिशवी यांवर डोके घासत फिरे, ते या सर्व वस्तूंवर ‘आपले’ अशी खूण करण्यासाठी. आमच्या पिशवीचा त्यात समावेश होता, हे ऐकून आम्ही वर्तमानपत्र जरा खाली घेतले.

बाकीच्या कलमांचीही तिने अशीच वासलात लावली. मांजर हे मुळात पहाटे आणि तिन्हीसांजेला शिकार करणारे जनावर; दिवसभर झोपून साठवलेला उत्साह त्या वेळी उधळणारच. हलणारी वस्तू म्हणजे त्याला सावज. शिवाय चष्मा पडला की मालक तत्परतेने उठून येतो, हे एकदा कळले की तो पुन्हा पाडणे ओघानेच आले. खोक्यात चारी बाजूंनी आडोसा मिळतो. नेदरलँड्समधील उत्रेख्त येथे २०१४ साली निवारागृहात नव्याने आलेल्या मांजरांवर एक प्रयोग झाला. ज्यांना लपावयास खोके दिले ती नव्या जागेत लवकर रुळली. उंदराच्या नजराण्याविषयी मात्र विद्वानांत एकमत नाही. मांजरी पिलांसाठी शिकार आणते, त्याचीच ही छाया असावी, असा एक तर्क आहे. सौभाग्यवतींनी तो ऐकून, “म्हणजे मी त्याचं पिलू की काय?” असा प्रश्न केला.

कुंद्याच्या बाबतीत मात्र आजीचा पराभव झाला. “गोडाचा फार लोभी,” असे त्या कौतुकाने म्हणत. नातीने सांगितले की मांजराला गोड चव कळतच नाही. गोडी ओळखण्यासाठी जिभेवर जी रचना लागते, तिच्यातला एक भाग तयार करणारे जनुक मांजराच्या कुळात निकामी झालेले आहे, हे फिलाडेल्फिया येथील संशोधकांनी २००५ साली दाखवून दिले. धोंडूला ओढ होती ती कुंद्यातल्या स्निग्धांशाची. आजी क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “अरेरे, एवढा कुंदा खाल्ला आणि गोड लागलाच न्हाई काय रे तुला?” त्यानंतर त्यांनी त्याच्यावर अधिकच माया केली.

हे सर्व आम्ही ऐकले, पण मनोरंजन म्हणून ऐकले. विद्यार्थी वर्गात बसला आहे म्हणून शिकतोच असे नाही, हे आमच्याइतके कोणास ठाऊक असणार?

२०२४ सालच्या मार्गशीर्षात मातोश्री गेल्या. वय झाले होते, फारसा त्रास झाला नाही. तेरा दिवस घर माणसांनी भरून वाहिले, मग एकाएकी रिकामे झाले. धोंडू आईंच्या खाटेवरच्या वाकळीवर जाऊन बसू लागला. रात्री तो सोप्यात फिरे आणि लांबट आवाजात ओरडे. माणसाप्रमाणे तो शोक करीत होता असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. त्या वाकळीला आईंचा वास होता आणि रोजच्या वेळी रोजची मांडी नव्हती, एवढे मात्र निश्चित. पुढे उन्हाळ्यात आम्ही कौले परतून घेतली, भिंतींना रंग दिला, आईंची खाट माळ्यावर टाकली आणि तिच्या जागी पुस्तकांचे कपाट आणले. आमच्या दृष्टीने ती घराची डागडुजी होती. धोंडूने दोन वर्षे गाल घासून घासून ज्या ज्या ठिकाणी ‘आपले’ असे लिहिले होते, ती सगळी पाटी आम्ही एका महिन्यात पुसून टाकली, हे आमच्या ध्यानीही आले नाही.

आषाढ लागला. आमच्याकडचा आषाढ म्हणजे आठ आठ दिवस सूर्याचे दर्शन नाही. धोंडूसाठी मागच्या पडवीत वाळूचे एक घमेले ठेवलेले असे आणि त्या बाबतीत तो अत्यंत शिस्तीचा होता. अशा या बोक्याने एके दिवशी घडी करून ठेवलेल्या वाकळीवर लघवी केली. दुसऱ्या दिवशी न्हाणीघराच्या गुळगुळीत फरशीवर. तिसऱ्या दिवशी आमच्या शाळेच्या पिशवीवर, जीत शाळेची कागदपत्रे होती. ओल थोडीच होती, पण कागद भिजले. आमचा संताप अनावर झाला. आईंची वाकळ आणि आमची पिशवी! नेमक्या याच दोन वस्तू त्याने निवडाव्यात यात आम्हांस हेतू दिसला. खाट हलवली म्हणून हा सूड उगवतो आहे, असे आम्ही सौभाग्यवतींना ठासून सांगितले. त्या म्हणाल्या, “अहो, दोन दिवस झाले, तो नीट खातही नाही. बघा तरी काय होतंय त्याला.” आम्ही पाहिले नाही. त्याला मानगुटीस धरून पडवीत टाकले आणि माजघराचे दार लावून घेतले.

रात्रभर पाऊस होता. पडवीतून मधूनमधून त्याचे ओरडणे ऐकू येत होते. ‘रडू दे, शिक्षा म्हणजे शिक्षा,’ असे म्हणून आम्ही कूस बदलली.

सकाळी दार उघडले तो धोंडू घमेल्यात वाकून बसला होता. जोर करीत होता, ओरडत होता, पुन्हा जोर करीत होता. वाळू कोरडी होती. उचलून घेतले तर पोट हाताला चेंडूसारखे टणक लागले आणि स्पर्श होताच तो विव्हळला. बद्धकोष्ठ असावे असा आम्ही तर्क केला. ताप असेल म्हणून घरातली तापाची गोळी अर्धी करून दुधातून द्यावी, असेही मनात आले. सौभाग्यवतींनी गोळी हातातून काढून घेतली आणि भाजीची वेताची टोपली पुढे केली. “आधी डॉक्टरांकडे चला,” एवढेच म्हणाल्या.

रिक्षात टोपली मांडीवर होती. वाटेत धोंडू गुरगुरू लागला. मांडीवर निजून तो करीत असे, तोच तो घरघरणारा आवाज. आम्हांस हायसे वाटले. म्हटले, बरे वाटू लागलेले दिसते. परत फिरावे काय? सौभाग्यवतींनी उत्तर दिले नाही आणि रिक्षा पुढे गेली, हे आमचे भाग्य.

पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टर तरुण होते. त्यांनी पोट चाचपले आणि एकच प्रश्न विचारला, “गुरुजी, शेवटची लघवी नीट कधी झाली?”

आम्हांस सांगता आले नाही. किती वेळा घमेल्यात जातो, पाणी किती पितो, वाळूचे गोळे केवढे असतात, यातले काहीच सांगता आले नाही. तीस वर्षे हजेरी घेणारा मनुष्य त्या टेबलापाशी निरुत्तर उभा राहिला.

डॉक्टरांनी वेळ न दवडता काम सुरू केले आणि काम करता करता जे सांगितले ते आम्ही येथे मुद्दाम नोंदवतो. बोक्याचा मूत्रमार्ग फार अरुंद असतो. त्यात बारीक खडे किंवा चिकट साका अडकला, किंवा सूज आली, की तो बंद होतो. मग लघवी तुंबते, मूत्रपिंडे काम करीनाशी होतात, रक्तातील पोटॅशियम वाढत जाते आणि हृदय बंद पडते. पूर्ण अडल्यापासून दोनतीन दिवसांत मांजर दगावू शकते. मांजरीत हे क्वचित घडते, बोक्यात पुष्कळदा. पाणी कमी पिणे हे एक कारण. घरातील उलथापालथीने, नव्या वासांनी, माणसांच्या येण्याजाण्याने मांजराच्या मूत्राशयास सूज येते, हेही सिद्ध झालेले आहे. घमेल्यात गेले की दुखते, म्हणून ते घमेल्यालाच दोषी समजते आणि मऊ किंवा थंड अशी दुसरी जागा शोधते. वाकळ, फरशी, पिशवी. जागा बदलली तर वेदना थांबेल, एवढीच त्या बिचाऱ्याची आशा.

“आम्हांस वाटले, सूड घेतो आहे,” आम्ही कसेबसे म्हणालो.

“मांजर सूड घेत नाही, गुरुजी,” डॉक्टर म्हणाले. “दुखतं तेवढं सांगतं.”

रिक्षातल्या गुरगुरण्याचाही उलगडा तेथेच झाला. मांजर सुखात असताना गुरगुरते हे खरे, पण कठीण दुखण्यात, भीतीत, कधी कधी अखेरच्या घटकेलाही गुरगुरते. आणि ती तापाची गोळी? घराघरांत असते ती पॅरासिटामॉल मांजराचे यकृत पचवू शकत नाही. एक गोळीसुद्धा त्याचा जीव घेऊ शकते. हे ऐकून आम्ही सौभाग्यवतींकडे पाहिले. त्या टोपलीतला पंचा घडी करीत होत्या.

भूल देऊन, बारीक नळी घालून मार्ग मोकळा केला. नळीतून जे आले त्यात रक्त होते. सलाईन लावले. तीन दिवस धोंडू दवाखान्यात राहिला आणि तीनही दिवस आम्ही शाळेला जाण्यापूर्वी व शाळा सुटल्यावर तेथे जात होतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने डोळे उघडून आमच्याकडे पाहिले आणि पापण्या सावकाश मिटून पुन्हा उघडल्या. २०२० साली इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवले आहे की मालकाने मांजराकडे पाहून असे संथपणे डोळे मिचकावले, तर मांजरही तसेच उत्तर देते. तो एक विश्वासाचा संकेत आहे. कन्येने हे पूर्वीच सांगितले होते. त्या दिवशी धोंडूचा संकेत होता की भुलीची गुंगी, हे आम्ही ठरवू शकत नाही. आम्ही मात्र उत्तरादाखल डोळे मिटले, आणि ते लवकर उघडता आले नाहीत.

आता या हकिगतीचा दुसरा भाग. तो सांगावा की नाही, याचा आम्ही पुष्कळ विचार केला.

डॉक्टरांचा प्रश्न, ‘किती वेळा जातो, पाणी किती पितो’, आमच्या कानांत घोळत होता. दवाखान्यातून शाळेत आलो, खुर्चीवर बसलो, आणि सहावीच्या वर्गातला एक मुलगा आठवला. महिनाभर त्याच्याविषयी वर्गशिक्षकांची तक्रार होती. प्रत्येक तासाला बाहेर जाण्याची परवानगी मागतो, येताना नळावर पाणी पीत रेंगाळतो, वर्गात जांभया देतो. कामचुकारपणाचे हे निदान आम्हीच केले होते. मधल्या सुटीखेरीज त्याला सोडू नये, अशी तोंडी आज्ञाही आमचीच. मागच्या आठवड्यात तो बाकावरच भिजला होता आणि मुले हसली होती. त्यावर आम्ही मुलांना दटावले, त्या मुलालाही दटावले, आणि विषय संपवला होता.

त्याला कार्यालयात बोलावले. बाकावर बसवले, जवळ पाण्याचा तांब्या ठेवला. विचारले, रात्री किती वेळा उठतोस? म्हणाला, “चार-पाच वेळा, गुरुजी.” तहान लागते? लागते. भूक? फार लागते. पण पोर वाळले होते. चड्डी सुटू नये म्हणून कमरेला सुतळी बांधलेली होती. वडील मागावर काम करणारे, आई घरोघरी धुणीभांडी करणारी. त्याच दिवशी वडिलांना बोलावून घेतले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दोघांसोबत सरकारी रुग्णालयात गेलो. रक्तातील साखर अतोनात वाढलेली निघाली. मुलांना होतो तो मधुमेह, ज्यात शरीर इन्सुलिन तयारच करीत नाही. आणखी काही दिवस गेले असते तर मूल बेशुद्ध होऊन हाती लागले नसते, असे तेथील डॉक्टरांनी त्या बापाला समजावून सांगितले. तो बाप आमच्या पाया पडू लागला. आम्ही दोन पावले मागे सरलो. मूल बाकावर भिजले तेव्हा हसणाऱ्यांत आम्ही नव्हतो, पण विचारणाऱ्यांतही नव्हतो, हे त्याला कसे सांगावे?

मुलगा आता इन्सुलिन घेतो, शाळेत येतो. पाण्याची बाटली त्याच्या बाकावर असते आणि बाहेर जाताना त्याला कोणाची परवानगी मागावी लागत नाही. शिक्षकांच्या बैठकीत आम्ही एक नवा नियम केला : मुलाचे वर्तन एकाएकी बदलले, तर शिक्षेपूर्वी चौकशी. नियमाचे मूळ आम्ही कोणास सांगितले नाही. मुख्याध्यापक बोक्याकडून शिकून आले, हे सेवापुस्तकात नोंदवण्याजोगे नाही.

धोंडू घरी आला. डॉक्टरांच्या सांगण्यावरून घरात तीन ठिकाणी पाण्याची भांडी ठेवली. कोरडे खाणे कमी करून ओले वाढवले. दूध बंद केले, कारण बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचत नाही. घमेली दोन झाली. आईंची खाट माळ्यावरून उतरवून पुन्हा जुन्या जागी लावली आणि पुस्तकांचे कपाट सोप्यात गेले. वाकळ धुतली होती, तरी धोंडू तिच्यावर पुष्कळ वेळ गाल घासत राहिला. त्यानंतर त्याने पंजे रुतवून पीठ मळावयास घेतले. सौभाग्यवती आत निघून गेल्या. थोड्या वेळाने त्यांनी डोळे पुसल्याचे आम्हांस दिसले.

ज्या वाचकांच्या घरी बोका असेल, त्यांना एवढेच सांगावयाचे की तो वारंवार घमेल्यात जाऊन जोर करीत असेल, ओरडत असेल, सारखा मागचा भाग चाटत असेल, भलत्या जागी थेंब थेंब करीत असेल, तर सकाळची वाट पाहू नये. दार लावून तर मुळीच घेऊ नये.

धोंडूच्या साऱ्याच गोष्टी आम्हांस कळतात, असे नाही. तो कधी कधी रिकाम्या कोपऱ्याकडे दहा दहा मिनिटे टक लावून बसतो. भिंतीआडची उंदराची चाहूल असेल, आमच्या कानांना ती पोहोचत नाही. नावाने हाक मारली तर केवळ कान वळवतो, येत नाही. मांजराला स्वतःचे नाव ओळखता येते, हे जपानी संशोधकांनी २०१९ साली दाखवले. म्हणजे आमची हाक त्याला समजते आणि तरी तो येत नाही. वर्गातही अशी मुले असतात. चष्मा अजून मेजावरून पडतोच. काच एकदा बदलून झाली.

आणि पहाटे चार वाजता सोप्यापासून परड्यापर्यंत टापा वाजतात. पूर्वी आम्ही अंथरुणातून ओरडत असू. आता उठतो, कंदिलासारखा मिणमिणता पडवीचा दिवा लावतो आणि घमेल्यातली वाळू पाहून येतो. ती ओली असली की पुन्हा झोप लागते.